मागच्या वेळचाच ग्रॅनाइट परत का मिळत नाही? (माप द्यायच्या आधी वाचा)

आठवड्यातनं दोन-तीन जण तरी येतात, खिशातनं एक तुकडा काढतात नाहीतर मोबाइलवर ओट्याचा फोटो दाखवतात, आणि म्हणतात, "शेठ, हाच पाहिजे, सेम टू सेम." ओटा सहा महिन्यांपूर्वी आमच्याकडनंच केलेला असतो, आता खिडक्यांच्या चौकटी नाहीतर जिन्याच्या पायऱ्या राहिल्यात. मग आमची दोन पोरं स्टँडवरचे स्लॅब एकेक करून पुढं ओढणार (१८ एमएमचा एक चौरस फूट साडेचार किलो भरतो, म्हणजे आठ बाय तीनचा स्लॅब शंभर किलोच्या वर गेला), तासभर जाणार, आणि शेवटी ऐकायला मिळणार, "जवळपास आहे हो, पण तो नाही." तो नसणारच. का नसणार ते एकदा लिहूनच टाकतो.

पहिलं म्हणजे टाइल्सचा हिशोब डोक्यातनं काढा. टाइल कारखान्यात बनते, डिझाइन नंबर सांगितला की परत मिळायची शक्यता तरी असते. ग्रॅनाइट बनला जमिनीखाली कित्येक किलोमीटरवर, आणि ती भट्टी विझून कोट्यवधी वर्षं झालीत.

दोन भूखंड एकमेकांवर आदळले की वर डोंगर उठतो, तो सगळ्यांना दिसतो, पण खरं काम पोटात चालतं. एरवी जमिनीचं कवच ३५-४० किलोमीटर जाड असतं, तिबेटखाली ते ७०च्या आसपास आहे, कारण भारत तिकडं ढकलत गेला. एवढ्या जाड थराखाली गाडलेला दगड गोधडीत गुंडाळल्यासारखा तापत राहतो, त्यात त्याच्यातल्या युरेनियम-थोरियम-पोटॅशियमची स्वतःची ऊब असतेच. ७०० अंशांच्या पुढंमागं दगडातलं अभ्रक मोडतं, त्यात अडकलेलं पाणी सुटतं, आणि पाणी आलं की दगड लवकर वितळतो. सगळा नाही, थोडाच. हा रस आजूबाजूच्या दगडापेक्षा हलका, म्हणून भेगा धरून वर चढतो, आणि बाहेर न पडता मधेच कुठंतरी अडकून सावकाश थंड होतो. सावकाश म्हणून दाणा मोठा. गारगोटी, फेल्डस्पार (पांढरट-गुलाबी खनिज), अभ्रक, सगळं डोळ्यांनी वेगवेगळं दिसतं.

गंगोत्री-गोमुख केलेल्यांनी शिवलिंग शिखर पाहिलं असेल. त्याचा उजळपणा नुसता बर्फाचा नाही, शिखराचा दगडच फिकट ग्रॅनाइट आहे, साधारण २.३ कोटी वर्षांपूर्वीचा, टक्कर झाल्यानंतरचा. आणि बुलेटवर लेहहून खारदुंगला चढलेली मंडळी ज्या करड्या, काळ्या ठिपक्यांच्या दगडातनं गेली तो टक्कर व्हायच्या आधीचा, भारत-आशियाच्या मधल्या समुद्राचा तळ आशियाखाली सरकत होता तेव्हाचा. म्हणजे बघा, एकाच हिमालयाच्या पट्ट्यात दोन ग्रॅनाइट, दोघांची रेसिपी वेगळी.

आम्ही जो माल ठेवतो तो बहुतेक दक्षिणेचा, तिथले जुने डोंगर झिजून सपाट झाले आणि त्यांचं पोट आता वर उघडं पडलंय. कर्नाटकात रामनगरपासनं उत्तरेकडं साधारण ४०० किलोमीटर लांब ग्रॅनाइटचा पट्टा आहे, रामनगरच्या जुन्या नावावरनं त्याला क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणतात, वय सुमारे २५० कोटी वर्षं. हंपीला ते मोठाले धोंडे बघून आपण फोटो काढतो ना, ते पण साधारण त्याच काळातले. पूर्वेचं आणि पश्चिमेचं कवच जोडलं जाताना हा रस वर आला असं बरेच भूशास्त्रज्ञ मानतात. या गुलाबी मालाचा स्लॅब कधी उन्हात नीट बघा. अंगठ्याच्या नखाएवढे गुलाबी फेल्डस्पार, आणि पुष्कळदा सगळे एकाच दिशेला लवंडलेले, ओढ्याच्या पाण्यात पानं लागतात तसे. रस वाहताना आणि दाबाखाली ताणला जाताना ते तसे लागले. आता सांगा, त्याच खाणीत पन्नास फूट पलीकडं प्रवाह जरा वेगळा असेल तर? दाणा बारीक येणार, काळपट पट्टा येणार, रंग फिका पडणार. म्हणून आम्ही लॉट-लॉट करतो. एका ब्लॉकचे (खाणीतनं काढलेल्या एका मोठ्या ठोकळ्याचे) स्लॅब सख्खे भाऊ, दुसऱ्या ब्लॉकचे चुलत, आणि सहा महिन्यांनी आलेली गाडी म्हणजे फक्त आडनाव एक.

एका वहिनींनी गुलाबी ओटा केला, "खिडक्यांचं दिवाळीनंतर बघू" म्हणाल्या. दिवाळीनंतर तो लॉट कुठला? चार फेऱ्या मारून शेवटी खिडक्या काळ्या केल्या. छान दिसतात खरं, पण चार फेऱ्या गेल्याच की.

म्हणून आमचा हट्ट असतो की ओटा, खिडक्या, उंबरे, पायऱ्या सगळ्याचं माप एकदम द्या, काम टप्प्याटप्प्यानं करा हवं तर, माल एका लॉटचा उचलून ठेवा. वर दहा टक्के जास्त धरा, कटिंगला तुकडा फुटतोच. लोकांना वाटतं शेठ जास्तीचा माल गळ्यात मारतोय. मारत नाही, उलट न कापलेला आख्खा स्लॅब उरला तर आम्ही परत घेतो. कापलेला घेत नाही, त्याचं आम्ही काय करणार? चार इंची सँपलही देत नाही, कारण त्यात दाण्याची चाल दिसतच नाही. या, आख्खा स्लॅब बाहेर उजेडात उभा करून बघा, आवडला की मागं मार्करनं सही करा, तोच घरी येईल. लॉट नंबर बिलावर असतो, बिल जपून ठेवा.

टप्प्यानंच करायचं असेल तर काळा घ्या, दाणा बारीक, रंग एकसारखा, जुळवायला सोपा. खरं म्हणजे तो ग्रॅनाइट नव्हेच, बहुतेक डोलेराइट (बारीक दाण्याचा काळा दगड) असतो, आणि चमचमणारा गॅलक्सी आंध्रातल्या चिमाकुर्तीचा, गॅब्रोच्या (तसल्याच काळ्या, पण मोठ्या दाण्याच्या दगडाच्या) घराण्यातला. बिलावर आम्हीही ब्लॅक ग्रॅनाइटच लिहितो, सगळेच लिहितात. तसाच काश्मीर व्हाइट काश्मीरचा नाही, तमिळनाडूत मदुराईकडचा. त्यातले लाल ठिपके गार्नेट नावाच्या खनिजाचे, त्यात लोखंड असतं, सिंकजवळ पाणी साचलं की पिवळट डाग धरतो, तेव्हा सीलर (पाणी मुरू न देणारा थर) मारल्याशिवाय आम्ही तो ओट्याला देत नाही.

आणि स्लॅबवर रेघ दिसली की लगेच "क्रॅक आहे" म्हणू नका. ओलं फडकं फिरवा, मग कोरडं. भेग असेल तर रेघ ओलसर राहते, उशिरा सुकते. शीर, म्हणजे दगडातलीच मूळची रंगाची रेघ असेल तर बाकीच्या दगडाबरोबरच सुकते, नखही अडकत नाही. भेगेचा स्लॅब आम्ही बदलून देतो, शिरेचा नाही.

येताना मिस्त्रींना आणा, सिंक आणि शेगडी आधी घेऊन त्यांची मापं आणा. सकाळी अकराच्या आत आलात तर उजेड चांगला असतो आणि पोरंही दमलेली नसतात.