अक्षरांमागचा रंग

चार शब्दांमागे पिवळा पट्टा भरणे वरवर सोपे वाटते. परंतु टेक या अक्षरजुळणी प्रणालीत ते तिच्या मूळ रचनेशीच झगडणारे काम आहे. डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये टेकची आखणी सुरू केली, तेव्हा तिच्यात रंगाचा विचारच नव्हता. टेकच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे रुंदी, पायरेषेवरची उंची आणि पायरेषेखालची खोली असलेली एक चौकट असते. रंगाची सूचना ती स्वतः न उलगडता छपाईचे पान तयार करणाऱ्या पुढच्या प्रोग्रामकडे तशीच सोपवते.

टेकवर उभ्या असलेल्या लाटेकमधील ‘कलरबॉक्स’ ही आज्ञा मजकूर एका बंद चौकटीत बसवून तिची मापे घेते, चारही बाजूंना तीन पॉइंट, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर, जागा वाढवून रंगीत आयत काढते आणि त्यावर मजकूर ठेवते. हा क्रम उलटा करता येत नाही, कारण पीडीएफमध्ये नंतर रेखाटलेली आकृती आधीचीला झाकते. एकदोन शब्दांपुरते हे उत्तम चालते. मात्र बंद चौकट ओळीच्या शेवटी तुटत नाही आणि लांब वाक्य सरळ समासात घुसते.

खरी अडचण इथे आहे. ओळी कुठे तोडायच्या हे टेक संपूर्ण परिच्छेद पाहून ठरवते, त्यामुळे पट्टा कुठे थांबणार हे आधी ठाऊक नसते, आणि रंग तर अक्षरांच्या आधी भरायचा असतो. ‘सोल’ या जुन्या पॅकेजने, म्हणजे लाटेकला जोडायच्या आज्ञासंचाने, मजकुराचे बारीक तुकडे करून प्रत्येकामागे रंग देण्याची युक्ती काढली. रोमन लिपीत ती बरी चालली. देवनागरीत मात्र जोडाक्षर घडण्यासाठी वर्ण सलग मिळावे लागतात, आणि ‘मार्ग’ मधल्या र् नंतर तुकडा पडला तर रफार नाहीसा होऊन पाय मोडलेला र उरतो. लुआटेक या टेकच्या नव्या रूपात ओळी पडून झाल्यावर त्यांत हात घालता येतो, म्हणून ‘लुआ-यूएल’ हे पॅकेज अक्षरांना न तोडता प्रत्येक ओळीत त्यांच्यामागे पट्टा सरकवते. मराठीसाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो.

‘कलरबॉक्स’च वापरायचा असेल, तर ‘वन’ आणि ‘कीर्ती’ यांच्यामागचे पट्टे कमीजास्त उंचीचे दिसतात. त्यावर ‘स्ट्रट’ हा शून्य रुंदीचा अदृश्य खांब उपयोगी पडतो. त्याची उंची ओळींमधील अंतराच्या सत्तर टक्के आणि खोली तीस टक्के असते, पण रफार-वेलांटी आणि खालचे उकार एकाच ओळीत आले, तर ही वाटणी फाँट पाहून हाताने बदलावी लागू शकते.