जुनी गिरणी पाडायलाच हवी, असं नाही

‘जुनी गिरणी कधी अंगावर येईल नेम नाही, पाडलेलीच बरी’ हे नागपुरात सर्रास ऐकू येतं. पण ते सरसकट खरं नाही. जुम्मा तलावाजवळच्या दलदलीत भराव घालून जमशेटजी टाटांनी उभारलेली एम्प्रेस मिल ही कापडगिरणी १ जानेवारी १८७७ला सुरू झाली आणि शंभराहून अधिक वर्षं चालली. असे कारखाने जड यंत्रांचं वजन आणि सततचा हादरा सोसायलाच बांधले जात. त्यापुढे, अशा जुन्या गिरणीत आता थाटलेलं वाचनालय किंवा बचतगटाचं शिवणकेंद्र हलकंच.

मग इमारती खचतात कशाने? बहुतेकदा पाण्याने. पन्हाळी तुंबतात, भिंतीत पिंपळ रुजतो. त्यात चुन्याच्या जोडाईवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि विटा भुसभुशीत होतात. म्हणून आधी अभियंत्याकडून तपासणी, मग पन्हाळी, मग चुन्यानेच डागडुजी. तपासणीत धोकादायक ठरलेला भाग मात्र उतरवायलाच हवा.

‘उन्हाळ्यात भट्टी होते’ हेही अर्धसत्य. तापतो तो पत्रा. जाड भिंती उशिरा तापतात, आणि करवतीच्या दातांसारख्या छपराच्या उत्तरेकडच्या काचांतून थेट ऊन फारसं येत नाही. पत्र्याखाली उष्णतारोधक थर दिला, तर मे महिन्यातल्या ४५ अंशांत वस्तीतल्या म्हाताऱ्यांना दुपार काढायला एवढी मोठी सावली दुसरीकडे कुठे मिळणार?