कायदा झाला, मग कनेक्शन का अडलं? फायबर घेणाऱ्या सोसायट्या आणि घरमालकांसाठी माहितीपत्रक

सध्या आमच्या केबल-इंटरनेटच्या दुकानाच्या काउंटरवर आणि व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न येतोय : "सरकारने ब्रॉडबँडसाठी नवा कायदा केला ना? ६७ दिवसांत परवानगी मिळते ना? मग आमचं काम का लोंबकळलंय?" प्रश्न रास्त आहे. पण प्रत्येकाला फोनवर पहिल्यापासून समजावत बसलं की तेवढ्या वेळात एक कनेक्शन जोडून होतं. म्हणून हे एकदाच लिहून काढलं. वाचून झालं की सोसायटीच्या ग्रुपवर टाका. सेक्रेटरींना वेगळं पाठवलंत तर फारच बरं.

आधी कायद्याचं. दूरसंचार अधिनियम, २०२३ हा डिसेंबर २०२३ मध्ये संसदेत मंजूर झाला. केबल आणि टॉवरसाठी जागा कशी मिळवायची याची कलमं २६ जून २०२४ पासून लागू झाली आणि त्यांचे सविस्तर नियम १ जानेवारी २०२५ पासून. तोवर देशभरातलं फायबर १८८५च्या तार कायद्यावर चालत होतं. शेवटची तार २०१३ साली गेली, कायदा मात्र त्यानंतरही दहा वर्षं टिकला. त्याच जुन्या कायद्याखाली २०१६ मध्ये 'राइट ऑफ वे'चे, म्हणजे केबलला वाट देण्याचे नियम निघाले होते. पण ते पाळायचे की नाही हे प्रत्येक कार्यालय आपापल्या मर्जीने ठरवायचं. एका ठिकाणी मीटरमागे एक दर, वेशीपलीकडे दुसराच. फाइल कोणत्या टेबलावर आहे हे शोधायलाच एक माणूस लागायचा.

नव्या नियमांत सरकारी जागेपुरती ही भानगड बरीच सरळ झाली आहे. नगरपरिषद, ग्रामपंचायत, सार्वजनिक बांधकाम, जिल्हा परिषद, महामार्ग, रस्ता कोणाचाही असो, अर्ज सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर करायचा. आमच्यासारख्या स्थानिक केबलवाल्याच्या नावाने तो जात नाही. ज्या परवानाधारक कंपनीची लाइन आम्ही तुमच्यापर्यंत आणतो, तिच्या नावाने जातो. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावं लागतं. ६७ दिवसांत काहीच उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. जमिनीखालच्या केबलसाठी प्रशासकीय शुल्क आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च घेता येतो, त्यावर आणखी वेगळी फी लावता येत नाही.

इथेच गैरसमज होतो. हे ६७ दिवस कार्यालयाला निर्णय घेण्यासाठी आहेत. तुमच्या घरात राउटर लागण्याची ती मुदत नाही. शिवाय परवानगी हातात आली तरी पावसाळ्यात बहुतेक ठिकाणी रस्ता खोदू देत नाहीत, आणि त्याबद्दल आमची तक्रारही नाही. कराड भागातल्या विद्यानगर, आगाशिवनगर, मलकापूरच्या ज्या गल्ल्यांत आमची मुख्य लाइन आधीच पोचली आहे, तिथे तर या ६७ दिवसांचा तुमच्याशी काडीचा संबंध नाही. तिथे कनेक्शन एका दिवसाचं काम आहे. तरीही तिथलीच कामं सगळ्यात जास्त अडतात, आणि ती अडतात तुमच्या गेटपाशी.

कारण गेटच्या आत रस्ता सरकारचा नसतो, तुमचा असतो. खासगी जागेबद्दल कायदा वेगळं सांगतो : कंपनीने मालकाकडे, किंवा जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे, मागणी करायची आणि दोघांनी आपसात करार करायचा. मालकाने नकार दिला आणि सार्वजनिक हितासाठी जागा हवीच असेल तर केंद्र सरकार मध्ये पडू शकतं, अशी तरतूद आहे. पण ती मोठ्या कामांसाठी. चार फ्लॅटच्या नेटसाठी कोणी दिल्लीला जात नाही, आम्हीही जाणार नाही. तेव्हा "कायदा आलाय, आता कोणाला विचारायची गरज नाही" हे फॉरवर्ड डिलीट करा.

आता मुख्य मुद्दा. ज्या एका वाक्याने आमचा सर्वांत जास्त वेळ जातो ते असं : "चेअरमनशी बोलणं झालंय, तुम्ही माणूस पाठवा."

माणूस पाठवल्यावर काय होतं ते सांगतो. दोन पोरं शिडी, केबलचा ड्रम आणि स्प्लायसिंग मशीन, म्हणजे फायबरचे धागे जोडायचं यंत्र, घेऊन येतात. खांबावरच्या बॉक्समधून केबल कंपाउंडच्या आत घेतात, शाफ्टच्या, म्हणजे पाइप-वायरी वर नेण्याच्या उभ्या पोकळीच्या, दाराची चावी वॉचमनकडून मिळवतात, तळमजल्यापासून क्लिपा ठोकत वर चढतात. दुसऱ्या मजल्यावर ड्रिल लावलं की दार उघडतं आणि कोणीतरी विचारतं, "कोणाला विचारून भोक पाडताय?" पोरं चेअरमनना फोन लावतात. चेअरमन म्हणतात, "मी फक्त बघतो म्हणालो होतो, मीटिंग व्हायची आहे." संपलं. केबल दुसऱ्या मजल्यावर गुंडाळी करून लटकते, पोरं परत येतात आणि ज्यांनी बुकिंग केलं ते चौथ्या मजल्यावरून आम्हाला फोन करतात की तुमची सर्व्हिस बेकार आहे.

"मग परवानगी आल्यावर तिथूनच पुढे ओढा ना," असंही सांगतात. तसं करता येतं, आम्ही करत नाही. लटकलेली केबल आठवडाभरात कोणाच्या तरी दारात चेपते, किंवा मुलं ओढतात. फायबरमध्ये आत काचेचा केसासारखा धागा असतो. तो एका जागी जास्त वाकला तरी वरून केबल धड दिसते आणि आत प्रकाश गळत राहतो. त्या जागी कापून जोड मारला तर शाफ्टच्या ओलीत तोच जोड पहिल्या पावसाला दगा देतो, आणि मग तुमच्या नेटच्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लुकलुकायला लागतो. म्हणून आम्ही बॉक्सपासून घरापर्यंत अखंड केबल नव्याने ओढतो. जुनी फुकट जाते. तिचे पैसे आम्ही तुमच्याकडून मागत नाही, पण तुमचा नंबर रांगेत मागे जातो, कारण तोपर्यंत पोरं दुसऱ्या भागात लागलेली असतात.

म्हणून आमचा नियम : लेखी पत्र आल्याशिवाय माणूस येणार नाही. काही जणांना हे आखडूपणाचं वाटतं. "दुसरा केबलवाला तर विचारतही नाही," असंही ऐकवतात. बरोबर आहे, आणि त्याची केबल गच्चीवरून पाण्याच्या टाकीला वेढा घालून कशी आली आहे तेही एकदा वर जाऊन बघा.

पत्र मोठं नको, वकीलही नको. लेटरहेडवर एवढंच पुरे : "दि. — च्या समितीच्या सभेत झालेल्या ठरावानुसार आमच्या इमारतीत फायबर केबल टाकण्यास परवानगी देत आहोत. केबल गेटपासून — बाजूने येईल व — शाफ्टमधून वर जाईल. ड्रिलिंग व दुरुस्तीची जबाबदारी कंपनीची राहील. दुरुस्तीसाठी कर्मचाऱ्यांना सकाळी — ते संध्याकाळी — प्रवेश दिला जाईल." खाली चेअरमन आणि सेक्रेटरी दोघांच्या सह्या, शिक्का आणि तारीख. ठरावाची तारीख गाळू नका. समिती बदलली की नवीन मंडळी पहिली तीच विचारतात. आणि 'कोणत्या शाफ्टमधून' हे लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं. ते नसलं की पत्र हातात असूनही ड्रेनेजच्या शाफ्टवरून वाद होतो. तो शाफ्ट आम्हालाही नको असतो.

इमारत अजून सोसायटीच्या ताब्यात आली नसेल तर बिल्डरचं पत्र लागेल. अपार्टमेंट असेल तर असोसिएशनचं. भाडेकरूंनी मालकाची संमती व्हॉट्सॲपवर घेतली तरी आम्हाला चालते; पण ती फ्लॅटच्या आतल्या भिंतीपुरती, जिन्यासाठी सोसायटीचंच पत्र हवं. बोळातल्या जुन्या घरांना पत्राचा प्रश्न नाही, तिथे शेजाऱ्याचा आहे. केबल त्याच्या भिंतीवरून जाणार असेल तर आधी त्याच्याशी तुम्ही बोला. तुमच्या दोन शब्दांनी होतं ते आमच्या दहा फेऱ्यांनी होत नाही.

काही सोसायट्या पत्राच्या बदल्यात दरमहा भाडं मागतात. आम्ही ते देत नाही आणि कारण उघड सांगतो : ते पैसे शेवटी तुमच्याच बिलात बसणार. त्याऐवजी आम्ही शाफ्टमध्ये पाइप टाकून केबल आत घेतो, प्रत्येक मजल्यावर बॉक्स बसवतो आणि पाइपात दुसऱ्या कंपनीच्या केबलसाठी जागा ठेवतो. ही मेहेरबानी नव्हे. वाट देताना भेदभाव करू नये आणि शक्यतो एकाच कंपनीला मक्तेदारी देऊ नये, असं कायद्यातच आहे. कोणी "फक्त आमचंच कनेक्शन, बाकीच्यांना बंदी" असं लिहून मागत असेल, मग ते आम्ही का असेना, तर सही करू नका. आमचे ग्राहक टिकतात ते फोन केल्यावर माणूस येतो म्हणून.

आणखी एक. केबल तुमच्या भिंतीवर असली तरी कायद्याने ती इमारतीपासून वेगळी मानली जाते, सोसायटीची मालमत्ता होत नाही. मेंटेनन्सचे वाद किंवा समितीतली भांडणं केबल कापून मिटवायचा प्रकार काही ठिकाणी झालेला आहे. एका वायरीमागे सहा-आठ घरं असतात, त्यात कोणाचं ऑनलाइन काम असतं, कोणाच्या पोराची परीक्षा. शिवाय दूरसंचार जाळ्याचं नुकसान केल्यास भरपाई आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद नव्या कायद्यात आहे. आम्ही आजवर कोणावर तक्रार केलेली नाही, करायची इच्छाही नाही. राग आला तर आधी फोन करा, केबल आम्हीच हलवून देऊ.

बोअर मारताना, कंपाउंडचा पाया काढताना, ड्रेनेजची लाइन बदलताना जेसीबी बोलावण्याआधी आम्हाला कळवा. खोदणाऱ्यांनी आधी सूचना द्यावी यासाठी सरकारने २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲपही काढलं आहे. ठेकेदाराकडे ते असायला हवं. नसेल तर आम्हाला एक मेसेज पुरे, माणूस येऊन केबल कुठून गेली आहे त्यावर चुना मारून जाईल. पैसे लागत नाहीत. तुटल्यावर मात्र खड्ड्यातल्या चिखलात बसून केसासारखे धागे जोडायला अर्धा दिवस जातो, आणि तेवढा वेळ अख्खी गल्ली बंद.

नवीन इमारत बांधणाऱ्यांनी प्लॅस्टरच्या आधी बोलावलं तर पाइप कुठे आणि केवढा टाकायचा हे आम्ही नकाशावर काढून देतो. इमारतीत नेटची सोय कशी आहे यावरून तिला मानांकन देण्याचे नियम ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२४ मध्ये काढले आहेत. सक्ती नाही, पण पुढे फ्लॅट घेणारे हे विचारणार आहेत.

तर क्रम असा ठेवा. आधी आम्हाला कळवा. आमचा माणूस येऊन वाट बघेल, कोणता शाफ्ट, कोणती बाजू हे कागदावर लिहून देईल. या पाहणीचे पैसे नाहीत. तो कागद समितीपुढे ठेवा, ठराव करा, पत्र द्या. इन्स्टॉलेशनचे पैसे आम्ही पत्र आल्यावरच घेतो. लाइन गल्लीत असेल तर पत्रानंतर तीन दिवसांच्या आत केबल ओढून देतो. नसेल तर पोर्टलवरचा अर्ज कुठवर आला आहे ते काउंटरवर येऊन बघू शकता, लपवण्यासारखं काही नाही. एकाच इमारतीतून पाच किंवा जास्त घरांचं बुकिंग एकदम आलं तर मजल्यावरचे बॉक्स आणि पाइप यांचा खर्च आमचा.

पत्राचा छापील नमुना दुकानात ठेवला आहे, व्हॉट्सॲपवर मागितला तरी पाठवतो. रिकाम्या जागा भरा आणि शिक्का मारा. सेक्रेटरी गावाला गेले असतील तर त्यांची सही होईपर्यंत थांबू. त्यांच्या मुलाची सही कृपया आणू नका.