फजितीची वाट पाहणारा प्रेक्षक

विनोदी मालिकेचा नायकच नकोसा असला की प्रेक्षकांत हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, असला माणूस प्रत्यक्षात दारात उभा करणार नाही, मग रोज रात्री घरात कशाला बोलवायचा? दुसरा म्हणतो, तो तसा आहे म्हणूनच तर हसू येतं. हा वाद वाहिन्यांनी आणि मोबाइलने आणला, असं सर्रास म्हटलं जातं. सांगलीत बसून मागे पाहिलं तर तो सव्वाशे वर्षांहून जुना निघतो. नायक किती वाईट आहे यावर तो फारसा अडलेला कधी नव्हताच. त्याची फजिती कोण करणार आणि कधी, यावर अडलेला होता.

१८४२ मध्ये कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव उर्फ अप्पासाहेब पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. त्या नाटकांत हसवायचं काम विदूषकाकडे आणि चीड आणायचं काम राक्षसांकडे असे. राक्षस आरोळ्या ठोकत यायचे, तलवारी परजायचे आणि शेवटी मरायचे. चीड आणि हसू एकाच पात्राच्या वाट्याला आलं ते १८५० नंतर, पौराणिक खेळाच्या शेवटी फार्स होऊ लागले तेव्हा. ढोंगी, दारुडे, म्हातारपणी बाशिंग बांधणारे असे लोक त्यात मध्यभागी आले. फार्स छोटा असे आणि शेवटी त्या माणसाची खोड मोडणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असे. त्या खात्रीवर तो मनमोकळा हसायचा.

यापुढचा धागा हरिपूरला जातो. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं, हळदीच्या पेवांचं हे गाव सांगलीपासून हाकेच्या अंतरावर आहे. गोविंद बल्लाळ देवल इथलेच, जन्म १८५५ चा. त्यांचं ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं. नाटकाचा नायक कोदंड, पण लोकांच्या तोंडी राहिला तो भुजंगनाथ, पाऊणशेच्या घरातला घोडनवरा. त्याचं नटणं-मुरडणं, आपण अजून तरुण आहोत असा त्याचा आव पाहून प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्याच्या पोटात कालवतं, कारण पैसे मोजून आणलेली ती मुलगी अजाण आहे आणि तिचा बापच सौद्याला तयार आहे. त्या काळी प्रेक्षागृहात बसलेल्या कितीतरी जणांच्या नात्यागोत्यात असली लग्नं झालेली होती. म्हणजे ज्याला हसायचं तो माणूस शेजारच्या खुर्चीत असण्याची शक्यता होती. देवलांचं मोठेपण मला इथे वाटतं: त्यांनी भुजंगनाथाला हास्यास्पद केलं, पण निरुपद्रवी होऊ दिलं नाही. वधूवर सगोत्र असल्याचं उघड होऊन लग्न मोडतं, तेव्हा सुटकेचा निःश्वास पडतो तो शारदेसाठी. म्हाताऱ्याची गंमत तोवर मागे पडलेली असते.

देवलांचा दुसरा नकोसा माणूस म्हणजे फाल्गुनराव. हे नाटक आधी १८९३ मध्ये गद्यात आलं, ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावाने. मुळाशी आर्थर मर्फी या नाटककाराची इंग्रजी सुखात्मिका आणि तिच्याही मागे फ्रेंच मोलिएर. देवल १९१६ च्या जूनमध्ये गेले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने त्याचं संगीत रूप, ‘संशयकल्लोळ’, रंगमंचावर आणलं. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव गाजला. हा नवरा तसा असह्यच: बायकोवर पाळत, प्रत्येक गोष्टीत काळंबेरं. तरी शंभरहून अधिक वर्षं लोक त्याला हसत आले, कारण कृत्तिका. तीही तितकीच संशयी, त्याचं प्रत्येक माप त्याच्याच पदरात टाकणारी. इथे फजिती शेवटच्या अंकापर्यंत थांबत नाही, ती दर प्रवेशात होत राहते. मालिकांच्या लेखकांनी शिकायचं तर हे नाटक आधी शिकावं असं मला फार वाटतं.

तमाशात ही फजिती करण्याचं काम सोंगाड्याकडे असतं. वगातला राजा, पाटील, सावकार कितीही माजलेला असो, बाजूला उभा राहून त्याच्या बोलण्यातली हवा काढणारा कुणीतरी हवाच. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ तर ‘जहरी प्याला’ या वगातल्या दोन हवालदारांच्या सोंगांनीच ओळखले जाऊ लागले. कनातीतला प्रेक्षक शिट्टी वाजवून आपलं मत तिथल्या तिथे कळवतो, आणि फडावरचा नट ते ऐकून पुढचं वाक्य बदलतो.

पुढे अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ने १९६२ मध्ये यावर कडी केली. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे बायकांना फसवतो, वेगवेगळ्या नावांनी वावरतो, आणि प्रभाकर पणशीकरांचा तो लखोबा पाहून लोक खळखळून हसत. पण तो आरोपी म्हणून कोर्टात उभा आहे, हे प्रेक्षक क्षणभरही विसरू शकत नाही. पिंजरा समोर असल्यामुळे हसण्याची परवानगी मिळते.

टीव्हीने सुरुवात मात्र भल्या माणसांनी केली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, सत्तरच्या दशकातच चिमणराव-गुंड्याभाऊ आले. पुढे २००१ पासून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधलं टिपऱ्यांचं घर आलं. चुका करणारी, पण कुणाचं वाईट न चिंतणारी माणसं. दोन पिढ्यांना सवय झाली, की विनोदी मालिकेचा नायक म्हणजे आपलाच कुणी काका.

बाहेर तेव्हा वेगळंच चाललं होतं. ब्रिटनमध्ये १९६६ पासून आल्फ गार्नेट आणि त्याच्यावरून अमेरिकेत १९७१ पासून आर्ची बंकर हे तोंडाळ, पूर्वग्रहांनी भरलेले गृहस्थ मालिकेच्या मध्यभागी बसले होते. लेखकांचा हेतू त्यांची टर उडवायचा. १९७४ मध्ये विडमार आणि रोकीच या अभ्यासकांना मात्र आढळलं, की ज्यांचे पूर्वग्रह पक्के होते त्यांना आर्ची आवडत होता, वादात तोच जिंकतो असं त्यांना वाटत होतं. फजिती पडद्यावर झाली, तरी ती प्रत्येकाच्या डोक्यात होतेच असं नाही. या एका गोष्टीमुळे ‘हा माणूस दाखवूच नका’ म्हणणाऱ्या प्रेक्षकाला मी अरसिक ठरवत नाही.

आपल्याकडे २००४ मध्ये हिंदीत ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ आली. माया साराभाई सुनेला, मोनिषाला, तिच्या मध्यमवर्गीय सवयींवरून रोज टोचते. ती सहन होते, कारण त्याच दिवाणखान्यात तिचा नवरा इंद्रवदन बसलाय, अस्सल सोंगाड्या. मराठीत मोठा गदारोळ झाला तो २०१६ मध्ये, ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधल्या गुरुनाथमुळे. बायकोला फसवणारा नवरा, आणि सगळं विनोदाच्या अंगाने. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या ओळखीच्या एका घरी साडेसात-आठच्या सुमाराला कुकरची शिट्टी झाली, की सासूबाई निवडायची मेथी घेऊन टीव्हीसमोर यायच्या. गुरुनाथ खोटं बोलला की थेट पडद्याशी बोलणं सुरू. ‘अगं राधिके, त्याचा फोन बघ की आधी!’ सून म्हणायची, ‘आई, तुम्हाला एवढा राग येतो तर दुसरं लावू का?’ त्यावर ठरलेलं उत्तर: ‘थांब. आज ह्याचं पितळ उघडं पडतंय का बघू दे.’ पितळ उघडं पडायचंही, पण त्याने गोष्ट संपायची नाही. चारपाच दिवसांत गुरुनाथ नवं खोटं घेऊन हजर. मालिका चालली साडेचार वर्षं. फार्सच्या प्रेक्षकाला तासाभरात जे मिळायचं, त्यासाठी मेथीच्या किती जुड्या निवडून झाल्या असतील! टीआरपी वाढत होता आणि वैतागही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या होत्या, हे वाहिनीच्या आकड्यांत कधी दिसलं नाही.

मोबाइलने आणखी एक गोष्ट काढून घेतली. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात फाल्गुनरावाला हसताना शेजारचाही हसतो, त्यामुळे हसावं की चिडावं हे एकट्याने ठरवावं लागत नाही. २००१ च्या ब्रिटिश ‘द ऑफिस’मध्ये तर मागचं रेकॉर्ड केलेलं हसूही गेलं; साहेब काहीतरी लाजिरवाणं बोलतो आणि नुसती शांतता पसरते. अमेरिकेने ही मालिका उचलली, तेव्हा पहिल्या सत्रानंतर आपला साहेब बराच मवाळ केला. २०१९ मध्ये तिचा हिंदी अवतार आला. एसटीत कानाला इअरफोन लावून तो बघणाऱ्याला त्या शांततेचं काय करायचं ते ज्याचं त्यानेच बघायचं.

२०२० च्या टाळेबंदीत ‘साराभाई’ पुन्हा दाखवली गेली. विश्रामबागेतल्या त्या घरात सासूबाईंना माया पहिल्यासारखीच आवडली. इंद्रवदन बरोबर जिरवतो, म्हणाल्या. कॉलेजातल्या नातीला मात्र माया की इंद्रवदन याच्याशी घेणंदेणंच नव्हतं. तिचं म्हणणं, मोनिषा रोज हे ऐकून घेतेच का, आणि ते ऐकून घेण्यावर आपण का हसायचं?