फाइल हस्तांतरण (सोलापूरच्या उद्योगांच्या संदर्भात)

एका संगणकात किंवा फोनमध्ये असलेल्या फाइलची तंतोतंत प्रत इंटरनेटवरून दुसऱ्या यंत्रात तयार करणे म्हणजे फाइल हस्तांतरण. बोलताना आपण ‘फाइल पाठवली’ म्हणतो, पण मूळ फाइल जागेवरच राहते आणि पलीकडे तिची प्रत बनते. ही प्रत शेवटच्या बिटापर्यंत (बिट म्हणजे ० किंवा १, माहितीचा सर्वांत लहान कण) मुळाबरहुकूम असावी लागते. सोलापुरातल्या यंत्रमाग, छपाई आणि छायाचित्रणाच्या धंद्यांत फाइलींवरून जी डोकेदुखी होते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच अट विसरलेली असते. समोरच्याला चित्र दिसले म्हणजे फाइल पोहोचली, असे होत नाही.

पाठवताना फाइलचे लहान तुकडे केले जातात. त्यांना पॅकेट म्हणतात. एका पॅकेटमध्ये साधारणतः जास्तीत जास्त १,५०० बाइट (एक बाइट म्हणजे आठ बिट) मावतात, म्हणजे १ एमबीच्या (मेगाबाइट, सुमारे दहा लाख बाइट) फाइलची सुमारे सातशे पॅकेट होतात. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो, शिवाय तो तुकडा फाइलमध्ये कुठे बसतो याचा क्रमांकही असतो. तुकडे मागेपुढे पोहोचले तरी ते क्रमाने लावणे, मिळालेल्यांची पोच देणे आणि वाटेत हरवलेले पुन्हा मागवणे हे काम टीसीपी नावाचा नियमसंच करतो. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी त्याची मांडणी १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतले अर्पानेट हे जाळे या नियमांवर आले.

बहुतेक सेवांत फाइल थेट समोरच्याकडे जात नाही. ती आधी एका सर्व्हरवर, म्हणजे सेवा देणाऱ्या कायम चालू असलेल्या संगणकावर, चढते (अपलोड) आणि तिथून उतरवून घेतली जाते (डाउनलोड). अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून अशोक चौकातल्या डिझायनरला पाठवलेली फाइल शेकडो किलोमीटर दूरच्या सर्व्हरला हात लावून परत शहरात येते ती यामुळे.

या कामासाठी खास बनवलेली सर्वांत जुनी आणि अजून टिकून असलेली पद्धत म्हणजे एफटीपी (फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉल). तिचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. अलाहाबादेत जन्मलेले आणि आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले भूषण तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. इंटरनेटच्या पायाभरणीतले हे भारतीय नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही, हे जरा नवलाचेच. सध्याचे एफटीपी मुख्यतः १९८५ च्या मसुद्यावर चालते. त्यात दोन जोडण्या असतात: २१ क्रमांकाच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे संगणकात शिरण्याचे क्रमांक दिलेले दार) हुकूम जातात आणि फाइल दुसऱ्या, वेगळ्या जोडणीवरून वाहते. ही दुसरी जोडणी जुन्या रीतीत सर्व्हर उघडतो, पण घरच्या राउटरला बाहेरून आलेली जोडणी खपत नाही. ‘लॉगिन झाले, पण फोल्डरची यादीच येत नाही’ या नेहमीच्या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये ‘पॅसिव्ह’ हा पर्याय निवडला की दोन्ही जोडण्या आपल्याच बाजूने उघडतात आणि काम मार्गी लागते.

एफटीपीचा खरा दोष वेगळा आहे. त्यात पासवर्ड उघडाच जातो; मधल्या जाळ्यावर कान लावून बसलेल्याला तो सहज वाचता येतो. म्हणून आता एसएफटीपी वापरतात. ते एफटीपीचे सुधारलेले रूप नसून, १९९५ मध्ये फिनलंडमध्ये जन्मलेल्या एसएसएच या सांकेतिक जोडणीवर उभे असलेले वेगळेच साधन आहे आणि २२ क्रमांकाच्या एकाच पोर्टवर चालते. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपीचा आधार काढून टाकला. वेबसाइटच्या फाइली चढवायला फाइलझिला किंवा विनएससीपी घ्यावे; दोन्ही मोफत आहेत आणि दोन्हींत एसएफटीपी चालते.

सोलापुरातला रोजचा व्यवहार मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो, आणि फाइल ‘पोहोचणे’ व ‘दिसणे’ यांतला फरक तिथेच सगळ्यांत चांगला कळतो. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर जॅकार्डच्या मागावर, म्हणजे एकेक उभा धागा वेगळा उचलून नक्षी विणणाऱ्या मागावर, विणली जाते. तिचे डिझाइन पूर्वी ग्राफ कागदावर चौकोन रंगवून काढत आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडत. आता ग्राफ संगणकावर निघतो. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड असेल तर कार्डांचीही गरज उरत नाही, फाइलच मागाला दिली जाते. या फाइलमधला एकेक ठिपका म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची गाठभेट. कुठला धागा वर येणार हे ठिपक्याचा रंग ठरवतो, त्यामुळे सहा रंगांच्या डिझाइनमध्ये नेमके सहाच रंग असले पाहिजेत. १,३४४ ठिपके रुंद आणि २,००० ठिपके उंच असे डिझाइन सोळा रंगांपर्यंतच्या बीएमपीमध्ये (ठिपके जसेच्या तसे साठवणारा चित्राचा प्रकार) साठवले, तर त्याची फाइल जेमतेम १.३ एमबीची होते. पाठवायला अडचण अशी काहीच नाही.

अडचण सुरू होते ती डिझाइन गॅलरीतून ‘फोटो’ म्हणून पाठवल्यावर. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करते आणि जेपीजी रूपात पुढे ढकलते. जेपीजी ही पद्धत माणसाच्या डोळ्याला फसवण्यासाठी बनवलेली आहे: बारीक फरक गाळायचे, कडा थोड्या विरघळू द्यायच्या. माणूस नक्षी बघून ‘एकदम मस्त’ म्हणतो. तीच फाइल डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की लाल आणि पांढऱ्याच्या सीमेवर गुलाबीच्या शेकडो छटा निघतात, रुंदीही १,३४४ राहत नाही. असे डिझाइन साफ करत बसण्यापेक्षा डिझायनर ते नव्याने काढणे पसंत करतो. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर एकही बिट न बदलता जाते. २०२२ पासून अशी २ जीबीपर्यंतची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येते. कारखानदाराने डिझायनरला आवर्जून सांगावी अशी एकच गोष्ट निवडायची झाली, तर ‘डॉक्युमेंट म्हणून टाका’ हीच निवडावी लागेल.

फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या दुकानांत घोटाळा उलट्या बाजूने होतो. तिथे फाइल बिटाबिटाने बरोबर येते, पण उघडल्यावर मजकुराच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. पत्रिका जुन्या पद्धतीच्या, युनिकोड (अक्षरांचे जगभर एकच असलेले क्रमांक) नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलेली असते आणि तो फॉन्ट छापणाऱ्याच्या संगणकात नसतो. फॉन्ट ही वेगळी फाइल आहे आणि ती कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या फाइलबरोबर आपोआप जाईलच असे नाही. ‘कर्व्ह करून पाठवा’ हा प्रेसवाल्यांचा ठरलेला निरोप त्यासाठीच असतो: अक्षरांचे आकारांत रूपांतर झाले की फॉन्ट लागत नाही. मात्र त्यानंतर मजकूर टाइप करून बदलता येत नाही. मुहूर्ताची वेळ चुकलेली निघाली तर मूळ फाइलच शोधावी लागते, म्हणून कर्व्ह नेहमी वेगळ्या प्रतीत करावे. दुसरा निरोप ‘व्हर्जन डाउन करा’ हा. नव्या आवृत्तीतली फाइल जुन्या कोरलमध्ये उघडत नाही.

महा ई-सेवा केंद्रात ‘केबी कमी करून द्या’ म्हणतात तेव्हा मात्र फाइल मुद्दामच बदललेली असते. तिथे दाखल्यावरचा मजकूर वाचता आला की काम झाले.

ईमेल मुळात साध्या मजकुरासाठी बनली. तिला चित्रे आणि इतर फाइली जोडण्याची रीत, माइम, १९९२ मध्ये आली. त्यात प्रत्येक तीन बाइटांची चार अक्षरे होतात, म्हणजे जोडलेली फाइल वाटेत जवळपास एक तृतीयांशाने फुगते. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे; त्याहून मोठी फाइल ते गूगल ड्राइव्ह या ऑनलाइन साठ्यात ठेवते आणि पत्रातून फक्त लिंक पाठवते.

वेगाच्या बाबतीत दोन गोष्टींत गल्लत होते. जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. एका बाइटात आठ बिट असतात. १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) जोडणीवर १ जीबीची (एक हजार एमबी) फाइल उत्तम परिस्थितीतही ८० सेकंद घेते. दुसरे म्हणजे अनेक जोडण्यांत चढण्याचा वेग उतरण्याच्या वेगापेक्षा बराच कमी असतो. तो १० एमबीपीएस असेल तर हीच फाइल चढायला तेरा मिनिटांहून जास्त लागतात. लग्नाच्या चित्रीकरणाचे ५०० जीबी पुण्याच्या एडिटरकडे पाठवायचे ठरवले, तर या वेगाने साडेचार दिवसही पुरत नाहीत. हार्ड डिस्क रात्रीच्या ट्रॅव्हल्सने दिली तर सकाळी पोहोचते. या रीतीला मागासलेपणा म्हणायचे कारण नाही, कारण अडीचशे किलोमीटरवर एवढा डेटा हलवण्याची तीच वेगवान रीत ठरते. डिस्कवरची प्रत मात्र एकुलती एक नसावी.

मोठी फाइल अर्ध्यात तुटली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नसते. ‘अमुक बाइटपासून पुढचे दे’ असे सर्व्हरला सांगण्याची सोय एफटीपीत आहे आणि वेबवरही आहे. सर्व्हरने ती चालू ठेवलेली असली म्हणजे झाले. फाइल पूर्ण उतरली का, हे पाहण्यासाठी आधी दोन्हीकडचा आकार बाइटमध्ये ताडून बघावा, एमबीमध्ये नाही, कारण एमबीचा आकडा गोल केलेला असतो. खात्रीच हवी असेल तर एसएचए-२५६ हा ठसा काढावा. फाइल केवढीही असो, ठसा ६४ अक्षरांचाच येतो, आणि आत एक बिट जरी बदलला तरी तो ओळखू येणार नाही इतका बदलतो. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा त्यासाठी आधीपासूनच असते.

लिंक देताना ‘लिंक असलेल्या कुणालाही’ हा पर्याय सोयीचा वाटतो, पण त्या लिंकचा निरोप पुढे गेला की नवे डिझाइन बाजारात येण्याआधीच दुसऱ्या मागावर चढू शकते. ठरावीक ईमेल पत्त्यांनाच परवानगी द्यावी आणि काम झाले की ती काढून घ्यावी. आलेल्या फाइलच्या नावाचे शेपूटही, म्हणजे शेवटच्या टिंबानंतरची अक्षरे, बघावे. लग्नपत्रिकेच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल पाठवून फोनचा ताबा मिळवण्याचे प्रकार अलीकडे देशभर झाले आहेत. खरी पत्रिका पीडीएफ, जेपीजी किंवा व्हिडिओच्या रूपात येते. एपीके म्हणजे अँड्रॉइडवर बसवायचे अ‍ॅप. ते न उघडता पुसून टाकावे आणि ज्याच्या नावाने आले त्याला फोन करून विचारावे, कारण बहुधा त्याचाच फोन आधी ताब्यात गेलेला असतो.