दुखत नाही म्हणून राहून गेलेली गाठ

मराठवाड्यात शेताला कुपाटी घालायची म्हटली की बाभळीचीच, नाहीतर वेड्या बाभळीची. तिच्या काट्यांशी इथल्या पायांची जन्माची ओळख. काटा रुतला की सुईने काढायचा, नाहीच निघाला तर वर बिब्ब्याचा चटका द्यायचा आणि पुन्हा खुरपणीला बसायचे. बहुतेक वेळा एवढ्यावर भागते. क्वचित मात्र काट्याबरोबर मातीतले जंतू कातडीखाली जातात आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, तिथे टणक गाठ येते. तोवर काटा कोणाच्या लक्षात असतो?

या आजाराचे नाव मायसेटोमा. 1842 मध्ये जॉन गिल यांनी मदुराईच्या रुग्णांवरून त्याची नोंद केली, म्हणून त्याला 'मदुरा फूट'ही म्हणतात. पुढे मुंबईत काम करणाऱ्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी त्यामागे बुरशी असल्याचे मांडले. इतका जुना आणि आपल्याच भूमीत ओळखला गेलेला आजार जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत आला तो थेट 2016 मध्ये. दुर्लक्ष कशाला म्हणतात हे यावरूनच कळावे.

गजकर्ण एकाचे दुसऱ्याला लागते, तसा हा लागत नाही. घरात वेगळे ताट-अंथरूण करायचे कारण नाही. लागण होते ती मातीतून, जखमेवाटे. साधारण 15 अंश दक्षिण ते 30 अंश उत्तर अक्षांशांमधल्या पट्ट्यात, विशेषतः थोडा पाऊस आणि लांब कोरडा उन्हाळा असलेल्या भागांत, तो अधिक दिसतो. मराठवाडा या पट्ट्यात बसतोच. त्यात अनवाणी शेतात राबणारे, गुरांमागे फिरणारे, ऊसतोडीला जाणारे लोक. रुग्ण बहुतेक तरणेताठे, कमावते.

खरी अडचण अशी की गाठ दुखत नाही. चालता येते, काम होते, मग मजुरी बुडवून दवाखान्यात कोण जाईल? हळूहळू पाऊल सुजते, कातडीला छिद्रे पडतात, त्यांतून पू येतो आणि पुवात खसखशीएवढे कण दिसतात. हे कण म्हणजे जंतूंच्या घट्ट वसाहती. आत जंतू सुरक्षित राहतात, शरीराच्या संरक्षक पेशी बाहेरच अडतात, औषधही आतवर कष्टाने पोचते. उपचार न झाल्यास जंतू हाडापर्यंत शिरतात.

कण पुसून टाकू नयेत, डॉक्टरांना दाखवावेत. कारण मायसेटोमा दोन प्रकारचा: एक बुरशीचा, दुसरा बुरशीसारख्या धाग्यांनी वाढणाऱ्या जिवाणूंचा. काळे कण बहुधा बुरशीचे, लाल कण जिवाणूंचे. पांढरे-पिवळे दोन्हींचे असू शकतात. म्हणून नुसत्या रंगावर न थांबता खोलवरचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, कल्चर करतात, म्हणजे त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखतात. सोनोग्राफी किंवा एमआरआयवरून आजार किती खोल गेला ते कळते. हा खर्च आणि खटाटोप टाळून अंदाजाने गोळ्या सुरू करणे मला सर्वांत महागात पडणारी काटकसर वाटते, कारण दोन्हींचे औषध पूर्ण वेगळे आहे.

जिवाणूंचा प्रकार भारतात बराच आढळतो आणि तो औषधांना चांगली दाद देतो. को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या, जोडीला अमिकासिनची इंजेक्शने. इंजेक्शने चालू असताना मूत्रपिंड आणि कानांवर लक्ष ठेवावे लागते. बुरशीचा प्रकार चिवट. इट्राकोनाझोल हे बुरशीनाशक औषध किमान वर्षभर, अनेकदा त्याहून जास्त, मधूनमधून यकृताच्या तपासण्या, आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियाही. गाठ लहान असताना ती पूर्ण काढता येते. उशीर झाला तर पाय कापण्याची वेळ येते. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल जेवणानंतर घ्यायच्या असतात. सोबत ॲसिडिटीची गोळी घेतली तर त्या नीट शोषल्या जात नाहीत, हे सहसा कोणी सांगत नाही.

बुरशीच्या प्रकारासाठी सुदानमध्ये फोसरॅव्हुकोनाझोल नावाच्या औषधाची चाचणी झाली. त्याचा गुण इट्राकोनाझोलपेक्षा सरस ठरला नाही, पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ऊसतोडीसाठी सहा महिने घराबाहेर राहणाऱ्या माणसाला रोज दोनदा गोळ्या सांभाळण्यापेक्षा हे नक्कीच सोपे.