शेक घ्यायचाय, पण आतून की बाहेरून?

पुण्यातल्या कुठल्याही कॅन्सर ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर दहा मिनिटं बसा, 'शेक' हा शब्द कानावर पडणारच. कुणी त्यालाच 'लाईट घेणं' म्हणतं. घोटाळा असा की रेडिएशनच्या दोन पार वेगळ्या पद्धतींना हे एकच नाव आहे. मग जिभेवर दोन सेंटिमीटरची गाठ निघालेल्याच्या घरी भलत्याच गोष्टीची तयारी सुरू होते.

बाहेरून शेक म्हणजे चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मास्क, मशीनखाली काही मिनिटं निपचित पडणं आणि घरी. आठवड्याचे पाच दिवस, साधारण सहा-सात आठवडे. दौंडहून रोज ये-जा करणाऱ्याला प्रवासच जास्त भारी पडतो. किरण वाटेतल्या लाळग्रंथींनाही भाजतात, म्हणून तोंडाला कोरड पडते.

आतून शेक म्हणजे ब्रेकीथेरपी. भूल देऊन हनुवटीखालून जिभेत प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या ओवतात. त्या मशीनला जोडल्या की तारेच्या टोकावरचा इरिडियम-१९२ या किरणोत्सारी धातूचा इवलासा कण एकेका नळीत शिरतो, ठरल्या जागी काही सेकंद थांबतो आणि परत जातो. बहुधा दिवसातून दोनदा, मध्ये किमान सहा तास. कणापासून अंतर दुप्पट झालं की मारा जवळपास चौथाईवर येतो, त्यामुळे गाठीला भरपूर आणि लाळग्रंथींना थोडाच. पण हा 'हलका शेक' नव्हे! नळ्या निघेपर्यंत काही दिवस मुक्काम हॉस्पिटलात, जेवण अनेकदा नाकातल्या नळीतून. कण मशीनमध्ये परतला की अंगात किरण उरत नाहीत. नातवाला खुशाल जवळ घ्या.

मग सगळ्यांनाच आतून का नाही? मुळात तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरला पहिली पसंती आजही ऑपरेशनलाच. गाठ जबड्याला खेटलेली असेल तर हाड सडायची भीती. शिवाय हा मारा मानेपर्यंत पोचत नाही, आणि कॅन्सर मानेतल्या लसिकाग्रंथींत पसरू शकतो, म्हणून मान दुर्लक्षून चालत नाही. टाटा मेमोरियलच्या २०१५ च्या चाचणीत तोंडाच्या ऑपरेशनसोबतच मानेतल्या या ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते. मानेत कॅन्सर दिसेपर्यंत वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के.

वाचवण्याजोगा नसलेला किडका दात मात्र दोन्हीकडे आधीच काढावा लागतो. शेकानंतर काढला तर जबड्याची जखम महिनोन् महिने भरत नाही, असं होऊ शकतं.